दूरशिक्षणातला कॅल्क्युलस: आधी वही, मग व्हिडिओ

प्रश्न असा आहे: कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या गणित विभागाला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा चार क्रेडिटचा कॅल्क्युलस दूरशिक्षणातून सुरू करायचा आहे. विद्यार्थी साठेक असतील. निम्मे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत पाळीने काम करणारे, काही गगनबावडा-शाहूवाडीकडच्या वाड्यांवरचे. वर्गात रेकॉर्ड केलेले तासा-तासाचे ४० व्हिडिओ हाताशी आहेत. एवढ्यावर भागेल का? नसेल तर आणखी काय करावे लागेल?

भागणार नाही. वर्गात फळ्यावर शिकवणे हा कामाचा अर्धाच भाग असतो. उरलेले अर्धे काम बाकांमधून फिरताना होते. कुणी (क्ष + ह)² चे क्ष² + ह² केलेले असते, कुणी दुसऱ्या ओळीपासून लिमिट लिहायचेच सोडून दिलेले असते. शिक्षकाच्या ते नजरेला पडते आणि तिथल्या तिथे दुरुस्त होते. दूरशिक्षणात व्याख्याने हरवत नाहीत, ती हवी तितकी मिळतात. हरवते ती वहीवरची नजर. म्हणून दर आठवड्याला विद्यार्थ्याच्या हातची पाने येणे आणि ती तपासून वेळेत परत जाणे, हा फेरा आधी पक्का करा. पुस्तिका, व्हिडिओ, चाचण्या सगळे त्या फेऱ्याभोवती बसवायचे.

आधी वेळेचा हिशोब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या दूरशिक्षण नियमावलीप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचे १२० तास, १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला आठ तास. ते मी असे वाटेन: वाचन अडीच तास, व्हिडिओ एक तास, गणिते सोडवणे साडेतीन तास, तपासणीसाठी पाने लिहिणे एक तास. ४० तासांचे व्हिडिओ जसेच्या तसे दिले तर आठवड्याला पावणेतीन तास नुसते बघण्यात जातात, आणि कापला जातो तो वेळ गणिते सोडवण्याचाच. रात्रपाळी करून आलेला मुलगा व्हिडिओ लावून ठेवतो, त्याला समजल्यासारखे वाटते, आणि परीक्षेत कोऱ्या पानापुढे हात चालत नाही.

१५ पैकी नवा मजकूर १२ आठवड्यांतच बसवा. एक आठवडा उजळणीला ठेवा आणि दोन मोकळे सोडा. पहिले सत्र आपल्याकडे पावसाळ्यात येते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झाले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. वीज जाते, रेंज जाते, रस्ते बंद होतात. मोकळा आठवडा नसेल तर एकदा मागे पडलेला विद्यार्थी परत रांगेत येत नाही, कारण कॅल्क्युलसमध्ये प्रत्येक प्रकरण मागच्यावर उभे असते.

सत्र सुरू होण्याआधी २० प्रश्नांची पूर्वचाचणी घ्या, पण ती कॅल्क्युलसची नको. बीजगणित, घातांक, लॉगॅरिथम, त्रिकोणमिती, आणि फ(क्ष + २) अशी मांडणी वाचता येते का, एवढेच पाहा. ठरलेल्या चुका चार: १/(अ + ब) चे १/अ + १/ब करणे, क्ष² + ९ च्या वर्गमुळाला क्ष + ३ म्हणणे, साइन २क्ष ला २ साइन क्ष लिहिणे, आणि |क्ष − ३| < ०.१ याचा अर्थ संख्यारेषेवर दाखवता न येणे. पहिल्या तीन चुका असलेला विद्यार्थी पुढे डेरिव्हेटिव्हचे (बदलाच्या दराचे) नियम पाठ करतो, तरी त्याचे उत्तर चुकते, आणि दोष कॅल्क्युलसला लागतो. चौथी चूक लिमिटच्या काटेकोर व्याख्येपाशी, म्हणजे एप्सिलॉन-डेल्टापाशी आडवी येते. या चाचणीचे गुण निकालात धरू नका. ज्यांची बरोबर उत्तरे १२ च्या खाली येतात त्यांना दोन आठवड्यांची उजळणी पुस्तिका आणि रोज पाच गणिते. हे टाळले तर पुढची सगळी तपासणी बीजगणित दुरुस्त करण्यातच संपते.

आता क्रम. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या सुरुवातीलाच येत असली, तरी पुस्तिकेतला क्रम आपल्या हातात असतो. परीक्षेपर्यंत सगळे झाले म्हणजे झाले. पहिल्या आठवड्यात बदलाचा दर आणा, आणि तो जवळच्या गोष्टीतून आणा. पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सकाळ-संध्याकाळ विचारत असतो. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, हे आकडे पोराटोरांना पाठ असतात. समजा सकाळी १० वाजता पातळी ३९ फूट २ इंच, दुपारी १ वाजता ३९ फूट ८ इंच, ४ वाजता ३९ फूट ११ इंच. पहिल्या तीन तासांत सरासरी वेग ताशी २ इंच, पुढच्या तीन तासांत ताशी १ इंच. पाणी वाढतेच आहे, पण वाढीचा वेग उतरला आहे. म्हणजे पहिले डेरिव्हेटिव्ह धन आणि दुसरे ऋण. ‘दर कमी झाला’ म्हणजे ‘फंक्शन कमी झाले’ हा घोटाळा पहिल्या वर्षाचे विद्यार्थी हमखास करतात. पंचगंगेकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या मुलाला हाच प्रश्न पाण्यावर विचारला तर तो गोंधळत नाही, कारण पाणी ओसरले आणि पाणी वाढायचे मंदावले यातला फरक त्याच्या घरात बोलला जातो. तीन-तीन तासांचे अंतर मग एक तासावर, दहा मिनिटांवर आणा, म्हणजे लिमिट का लागते ते आपोआप पुढे येते.

इंटिग्रलसाठीही असाच जवळचा हिशोब आहे. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की १४२८ क्युसेक (सेकंदाला १४२८ घनफूट) पाणी सुटते, हे बातम्यांत सगळ्यांनी वाचलेले असते. समजा एका दिवसात सहा तास दोन दरवाजे, बारा तास चार आणि सहा तास तीन दरवाजे उघडे होते. आलेखात तीन आयत येतात: १२, ४८ आणि १८, एकूण ७८ दरवाजा-तास. एका दरवाजा-तासात १४२८ × ३६०० = ५१,४०,८०० घनफूट. गुणून सुमारे ४० कोटी १० लाख घनफूट, म्हणजे साधारण ०.४ टीएमसी. इथे अँटिडेरिव्हेटिव्ह, म्हणजे उलटे डेरिव्हेटिव्ह, कुठेच लागले नाही. इंटिग्रल म्हणजे उलटे डेरिव्हेटिव्ह एवढीच समजूत घेऊन बारावीतून आलेल्यांना हे दाखवणे फार गरजेचे आहे, नाहीतर डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल यांना जोडणाऱ्या मूलभूत प्रमेयात सिद्ध करण्यासारखे काय आहे तेच त्यांना कळत नाही.

एप्सिलॉन-डेल्टा मी पाचव्या आठवड्यात ठेवेन आणि त्याची पाने वेगळ्या पद्धतीने छापेन. क्ष २ कडे जाताना क्ष² चे लिमिट ४, हे सिद्ध करायचे घ्या. छापील पुस्तकात सुरुवातच ‘डेल्टा = १ आणि एप्सिलॉन/५ यांतली लहान संख्या घ्या’ अशी होते. पाच कुठून आले? वर्गात शिक्षक कोपऱ्यात कच्चे काम करून दाखवतात, दूरशिक्षणाच्या पुस्तिकेत तो कोपराच नसतो. म्हणून पानाचे दोन उभे भाग करा. डावीकडे कच्चे काम: |क्ष² − ४| = |क्ष − २| × |क्ष + २|; क्ष हा २ पासून १ पेक्षा कमी अंतरावर ठेवला तर |क्ष + २| हे ५ पेक्षा लहान राहते; म्हणून |क्ष − २| हे एप्सिलॉन/५ पेक्षा लहान हवे. उजवीकडे स्वच्छ सिद्धता, नेमकी उलट्या दिशेने. मधे एक बाण आणि एक वाक्य: शोध डावीकडून लागतो, सिद्धता उजवीकडे लिहायची. ठरलेली चूक म्हणजे डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + २| असे लिहिणे. तिथे डेल्टा क्ष वर अवलंबून राहतो, आणि क्ष निवडायच्या आधी डेल्टा ठरलेला हवा. ही चूक छापूनच दाखवा आणि का चालत नाही ते दोन ओळींत लिहा.

पुस्तिकेचे एक घटक-प्रकरण १२ ते १५ पानांचे असावे, नव्या कल्पना तीनपेक्षा जास्त नसाव्यात. प्रत्येक कल्पनेला आधी पूर्ण सोडवलेले उदाहरण, मग मधल्या दोन ओळी कोऱ्या ठेवलेले, मग फक्त पहिली ओळ दिलेले, आणि शेवटी पूर्ण कोरे. उत्तरे तीन टप्प्यांत आणि तीन वेगवेगळ्या पानांवर: इशारा, अंतिम उत्तर, पूर्ण सोडवणूक. तिन्ही एकाच पानावर दिली तर नजर थेट सोडवणुकीवर जाते. लिहायला जागा सोडा. छपाईचा खर्च वाचवण्यासाठी दाट मजकूर छापलेली पुस्तिका कुणी हातात पेन घेऊन वाचत नाही.

दर प्रकरणात एक चुकीची सोडवणूक मुद्दाम द्या आणि चूक शोधायला सांगा. माझ्या मते दूरशिक्षणात याला पर्याय नाही, कारण स्वतःची चूक पकडायची सवय शिक्षक जवळ नसताना यातूनच लागते. दोन उत्तम नमुने सांगतो. क्ष शून्याकडे जाताना कॉस क्ष/(क्ष + १) चे लिमिट लोपितालच्या नियमाने (वरचे आणि खालचे डेरिव्हेटिव्ह वेगवेगळे घेऊन) काढले: वर −साइन क्ष, खाली १, उत्तर शून्य. खरे उत्तर १ आहे, कारण मूळ राशी ०/० च्या रूपात नव्हतीच, नुसती किंमत घालायची होती. दुसरा नमुना: १/क्ष² चे −१ ते १ इंटिग्रल. −१/क्ष मध्ये किमती घातल्या की उत्तर −२ येते. सगळीकडे धन असलेल्या फंक्शनचे क्षेत्रफळ ऋण कसे, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला पाहिजे. मग शून्यापाशी फंक्शन अमर्याद वाढते हे त्याला दिसते.

व्हिडिओ नव्याने करा. सहा ते नऊ मिनिटांचा एक, त्यात एकच गोष्ट. कागदावर वरून धरलेला मोबाइल आणि जाड टोकाचे पेन पुरते. चेहरा दिसला नाही तरी चालतो. एका वेळी सहा-सात ओळींपेक्षा जास्त लिहू नका आणि तीन-तीन मिनिटांनी ‘इथे थांबवा, पुढची ओळ तुम्ही लिहा’ असे सांगून पाच सेकंद खरोखर गप्प बसा. अक्षर ३६० पिक्सेलवर वाचता येते का ते स्वतःच्या मोबाइलवर तपासा. तेवढ्या दर्जाचा आठ मिनिटांचा व्हिडिओ साधारण २० ते ३० एमबीचा होतो, म्हणजे गगनबावड्यातही रेंजच्या जागी जाऊन उतरवून घेता येतो. अभ्यासकेंद्रावर पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायची सोयही ठेवा. आणि पुस्तिकेत नसलेली कोणतीही गोष्ट व्हिडिओत नको. ज्याला व्हिडिओ मिळाला नाही त्याचा अभ्यास अडता कामा नये. जुन्या ४० तासांतून चांगली सोडवलेली उदाहरणे कापून घ्या, हजेरी आणि फळा पुसणे वगळा.

तपासणीचा हिशोब आधी करा, कारण योजना कोसळतात त्या इथे. आठवड्याला तीन प्रश्न, ६० विद्यार्थी, एका उत्तराला चार मिनिटे: ७२० मिनिटे, म्हणजे १२ तास. एका शिक्षकाला नेहमीचे तास सांभाळून हे जमत नाही. दोन आठवडे जमते, तिसऱ्या आठवड्यापासून गठ्ठा साचतो. म्हणून तीनपैकी एकच प्रश्न ओळीनओळ तपासा, कोणता ते आधी सांगू नका. बाकी दोन विद्यार्थ्याने पाने पाठवल्यावर उघडणाऱ्या आदर्श उत्तराशी स्वतः पडताळायचे, तुम्ही त्यांवर अर्धा-अर्धा मिनिट नजर टाकायची. ६० × ४ आणि ६० × १, मिळून ३०० मिनिटे. पाच तास दर आठवड्याला निभतात. पाने रविवारी रात्रीपर्यंत घ्या, बुधवारी रात्रीपर्यंत परत द्या. त्यापेक्षा उशीर झाला तर चेन रूलमधली, म्हणजे फंक्शनच्या आत फंक्शन असतानाच्या नियमातली, चूक घेऊनच विद्यार्थी त्यावर उभ्या असलेल्या इम्प्लिसिट डिफरन्सिएशनमध्ये शिरतो आणि मग एका चुकीच्या दोन होतात.

तपासताना लांब वाक्ये लिहीत बसू नका, खुणा ठरवा: ‘बी’ म्हणजे बीजगणिताची चूक, ‘मां’ म्हणजे मांडणीची (लिमिट गाळले, बरोबरचे चिन्ह चुकीच्या जागी), ‘नि’ म्हणजे नियम चुकीच्या जागी वापरला, ‘का’ म्हणजे कारण दिले नाही. खूण त्या ओळीशेजारीच करा, पण दुरुस्ती लिहू नका. दुरुस्ती विद्यार्थ्याने करून पुढच्या आठवड्याच्या पानांसोबत पाठवायची, आणि गुण तेव्हाच नोंदवायचे. हा एक नियम ठेवला नाही तर परत गेलेली पाने कुणी उघडून बघत नाही. फोटोंसाठीही सूचना छापून द्या: खिडकीच्या उजेडात, निळ्या किंवा काळ्या पेनाने लिहिलेले, एका पानावर एकच प्रश्न, वर बैठक क्रमांक आणि पान क्रमांक, सगळ्याची मिळून एकच पीडीएफ. सुटे सात फोटो उलटसुलट आले तर चार मिनिटांची तपासणी आठ मिनिटांवर जाते.

सरावाची तपासणी यंत्राकडे द्या. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत स्टॅक नावाचा मोफत प्रश्नप्रकार जोडता येतो. त्यामागे मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली असते, त्यामुळे विद्यार्थ्याने उत्तर कोणत्याही रूपात लिहिले तरी ते मूळ उत्तराशी समान आहे का ते तपासले जाते. खरा फायदा नेमक्या चुकीला नेमका प्रतिसाद देण्यात आहे. साइन(क्ष²) चे डेरिव्हेटिव्ह विचारले आणि उत्तर कॉस(क्ष²) आले तर ‘आतल्या फंक्शनचे डेरिव्हेटिव्ह राहिले’ असे दिसावे. कॉस(२क्ष) आले तर ‘आतले फंक्शन बाहेरच्यात तसेच राहते’ असे. एका प्रश्नाला असे दोन-तीन प्रतिसाद लिहायला अर्धा तास जातो, पण ते वर्षानुवर्षे चालतात. पहिल्या आठवड्यात अगदी सोप्या गणितांची एक चाचणी फक्त टाइप करायच्या सवयीसाठी द्या. २ आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकाराचे चिन्ह, साइनला कंस, हे जमले नाही तर गणित बरोबर असूनही उत्तर नाकारले जाते आणि मुले त्या पानावर परत येत नाहीत.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. साइन क्ष/क्ष चे लिमिट कॅल्क्युलेटरवर तपासायला सांगितले की काहींचे उत्तर १ ऐवजी ०.०१७४५ येते. तो आकडा म्हणजे पाय/१८०; कॅल्क्युलेटर अंशांवर आहे. वर्गात ही चूक दोन सेकंदांत सुटते, घरी बसलेला मुलगा त्यात एक संध्याकाळ घालवतो. पुस्तिकेत त्या गणिताशेजारीच चौकट हवी.

भाषेबद्दल. समजावून सांगणे मराठीत, संज्ञा परीक्षेत येतात त्या. सीमा, सांतत्य, विकलज, संकलन हे शब्द सुंदर आहेत आणि एकदा सांगावेत, कारण त्यांतून अर्थ लवकर उमगतो. पण प्रश्नपत्रिका इंग्रजीत असेल तर लिमिट, कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्ह हेच शब्द हातात बसले पाहिजेत. प्रश्नाची क्रियापदेही शिकवा: ‘इव्हॅल्युएट’ला उत्तर हवे, ‘शो दॅट’ला सिद्धता हवी, ‘हेन्स’ असेल तर आधीच्या भागाचाच वापर अपेक्षित आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे बरेच गुण इथे जातात, गणितात नाही.

थेट संवादाचा तास आठवड्याला एकच, ६० मिनिटांचा, पण तो दोनदा घ्या. पाळ्या दर आठवड्याला फिरत असतील तर एकच ठरलेली वेळ ठेवल्यावर कुणी ना कुणी कायम बाहेर राहतो. कुणाची पाळी कधी आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी हे प्रवेश अर्जातच विचारा आणि त्यावरून वेळा ठरवा. त्या तासात नवे काही शिकवू नका. त्या आठवड्याच्या पानांतल्या तीन सर्वांत जास्त झालेल्या चुका, नाव न घेता, सर्वांसमोर दुरुस्त करा. लागोपाठ दोन आठवडे पाने आली नाहीत तर मेल नको, फोन करा. गळती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते आणि तेव्हा दहा मिनिटांच्या बोलण्यानेही माणूस परत येतो. आठव्या आठवड्यात येत नाही.

गुणांची वाटणी नियमावलीने बरीचशी बांधलेली आहे: अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के, सत्रान्त परीक्षा किमान ७०. त्या ३० पैकी मी दुरुस्त केलेल्या पानांना १५, स्टॅकच्या चाचण्यांना ५ आणि तोंडी प्रश्नांना १० ठेवेन. गणिताचा फोटो काढला की सोडवणूक देणारी ॲप सगळ्यांकडे आहेत, त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला दहा जणांना पाच मिनिटे फोन करा आणि त्यांच्याच पानावरचे विचारा: तिसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर कसे आलात? सहा आठवड्यांत साठही जणांची पाळी येते, सत्रात दोनदा. ज्याने स्वतः सोडवले आहे तो अडखळत का होईना सांगतो. कुणी नुसते उतरवून काढलेले असेल तर ते पहिल्याच वाक्यात कळते. त्याचे गुण कापण्याऐवजी त्याला तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्या.

सगळी पुस्तिका छापखान्यात पाठवण्याआधी एकच प्रकरण, शक्यतो चेन रूलचे, पाच विद्यार्थ्यांना द्या. शेजारी बसा, पण काही सांगू नका. पेन कुठल्या ओळीवर थांबते आणि किती वेळ, ते समासात टिपा. पाचपैकी तिघे एकाच ठिकाणी थांबले तर तिथे एक पायरी गाळलेली आहे. ती लिहा, दुसऱ्या पाच जणांना द्या, आणि मगच पुढचे प्रकरण लिहायला घ्या. या कामाला एका प्रकरणामागे दोन आठवडे धरा. जूनमध्ये सत्र सुरू करायचे असेल तर निदान पहिली चार प्रकरणे एप्रिलअखेर अशी घासून तयार हवीत.